इंजिन नवें, डबे जुने

संगणकापुढें बसणाऱ्या मंडळींचे ढोबळ मानानें दोन पंथ पाडतां येतील. पहिल्या पंथाचें ब्रीद असें कीं, जें चालत आहे त्याला हात लावूं नये. शाळेच्या संगणकवर्गांत पहिल्या दिवशीं जी प्रणाली बसविली, तीच यंत्र मोडकळीस येईपर्यंत नांदावी, असें या पंथास मनापासून वाटतें. दुसऱ्या पंथाचें ब्रीद अगदीं उलट: नवें निघालें कीं तें घ्यावयाचें, आणि एका दुपारींत सगळ्या यंत्रांवर घालून मोकळें व्हावयाचें. पहिला पंथ भित्रा व दुसरा धाडसी असें वरवर दिसतें. परंतु माझ्या मतें दोघांचा दोष एकच आहे. नव्याचें आणि जुन्याचें एकमेकांशीं जमतें कीं नाहीं, हें स्वतः पाहण्याचे कष्ट दोघांसही नको असतात. प्रस्तुत लेखांत या वादाचा एकच कोपरा घ्यावयाचा आहे. संगणकाच्या प्रणालीचा गाभा नवा घालून वरचे प्रोग्रॅम जुनेच ठेवावयाचे असतील, तर तो प्रयोग निर्धोकपणें कसा करावा, आणि तो करण्याचा भार शाळेंतील मुलांनीं कां उचलावा?

हा प्रश्न आजच कां निघावा, असें पालकवर्ग विचारील. त्याचें कारण पैशाशीं निगडित आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपविला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांस दारांत उभें करीत नाहीं, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीपुढचा प्रोसेसर असल्यावांचून ती रीतसर बसत नाहीं. अशा रीतीनें चांगलीं चालणारीं पुष्कळ यंत्रें एका तारखेनें म्हातारीं ठरलीं. तीं भंगारवाल्यास द्यावयाचीं, कीं लिनक्ससारखी मोफत आणि मुक्त प्रणाली त्यांवर बसवून आणखी कांहीं वर्षें त्यांच्याकडून काम घ्यावयाचें, हा विचार ज्या ज्या शाळेंत संगणकाची खोली आहे तिला करावा लागणार. लिनक्स आपल्याकडे परकी राहिलेली नाहीं. पुण्यास मुख्यालय असलेल्या व १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ मध्यें 'बॉस' नांवाची भारतीय लिनक्स प्रणाली काढली. ती डेबियन या जगप्रसिद्ध लिनक्सच्या पायावर उभी असून शाळांसाठीं 'एज्युबॉस' अशी तिची निराळी आवृत्तीही आहे.

परंतु लिनक्स बसविली म्हणजे काम संपलें असें नाहीं. समजा, चार वर्षांपूर्वींची लिनक्स शाळेच्या यंत्रांवर उत्तम चालली आहे. शिक्षकांस तिच्यांतील लेखनाचा, हिशेबाचा, चित्रांचा प्रोग्रॅम अंगवळणीं पडला आहे. मुलांच्या वह्या, म्हणजे त्यांच्या फाइली, त्याच प्रोग्रॅमांत आहेत. मग शाळेनें वायफायचें एक नवें उपकरण घेतलें, किंवा कोणा माजी विद्यार्थ्यानें एक नवाकोरा संगणक भेट दिला, आणि जुनी प्रणाली त्या नव्या वस्तूस ओळखच देईना! येथें सगळी प्रणाली बदलण्याची गरज नसते. यंत्राच्या अवयवांस ओळखण्याचें काम प्रणालीच्या ज्या भागाकडे असतें, तेवढाच भाग नवा हवा असतो. त्या भागास कर्नेल म्हणतात. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ फळाच्या कोयींतील गर असा आहे. मराठींत आपण त्यास गाभा म्हणूं.

गाभा काय करतो? स्मृतींतील जागा कोणास किती द्यावी, प्रोसेसरचा वेळ कोणास केव्हां मिळावा, डिस्कवरचें काय वाचावें व कोठें लिहावें, हा सर्व कारभार तो पाहतो. वरचे प्रोग्रॅम स्वतः यंत्रास हात लावीत नाहींत. फाइल उघडावयाची झाल्यास लेखनाचा प्रोग्रॅम गाभ्याकडे ठराविक शब्दांत विनंति करतो, आणि गाभा ती पुरी करतो. अशा ठराविक विनंत्यांस सिस्टिम कॉल असें नांव आहे. आजच्या लिनक्समध्यें त्यांची संख्या तीनशेंहून अधिक आहे. प्रोग्रॅम आणि गाभा यांच्यामधील करार काय तो एवढाच.

नाशिककरांस हें समजण्यास दूर जावयास नको. मुंबईकडील रेल्वेची वीज १,५०० व्होल्टची, एका दिशेनें वाहणारी, आणि इगतपुरीच्या पलीकडची २५,००० व्होल्टची, दिशा बदलणारी, असा प्रकार कित्येक वर्षें होता. त्या काळीं इगतपुरीच्या स्टेशनांत गाडीचें एक इंजिन सोडवून दुसरें जोडीत. प्रवासी आपल्या जागीं बसलेला असे. त्याची वळकटी हलत नसे, डबा बदलत नसे, तिकीटही तेंच. इंजिन कोणत्या विजेवर चालतें याची डब्यास पर्वा नव्हती. कपलिंग जुळलें आणि ब्रेकची नळी जुळली कीं झालें. पुढें दोन्ही विजांवर चालणारीं इंजिनें आलीं, आणि २०१६ पर्यंत मुंबईकडचे मार्गही २५,००० व्होल्टवर येऊन विजेकरितां इंजिन बदलण्याचें कारण उरलें नाहीं. गाभा म्हणजे हें इंजिन, प्रोग्रॅम म्हणजे डबे, आणि सिस्टिम कॉल म्हणजे मधलें कपलिंग. इंजिन कितीही नवें असो, कपलिंग तेंच राहिलें पाहिजे.

तें तेंच राहील असें वचन लिनक्सच्या कर्त्यांनीं दिलेलें आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यानें १९९१ मध्यें हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना हा गाभा लिहावयास आरंभ केला, आणि तेव्हांपासून आजतागायत एका नियमाविषयीं तो अत्यंत कडक राहिला आहे. काल चालणारा प्रोग्रॅम नव्या गाभ्यावर आज चालेनासा झाला, तर दोष गाभ्याचा, प्रोग्रॅमाचा नव्हे. प्रोग्रॅम कितीही गबाळेपणानें लिहिलेला असला तरी निवाडा हाच. हा नियम मोडणाऱ्या सहकाऱ्यांस त्यानें जाहीरपणें जे शब्द सुनावले आहेत, ते या मासिकांत छापण्याजोगे नाहींत.

नियम किती बारकाईनें पाळला गेला, याचा एक मासला मला फार आवडतो. २००३ च्या डिसेंबरांत २.६ ही आवृत्ति निघाली, आणि पुढें सातांहून अधिक वर्षें प्रत्येक गाभ्याचा आंकडा २.६ नेंच सुरू होत असे. २०११ च्या मे महिन्यांत २.६.३९ आली. त्याच वर्षीं लिनक्सला वीस वर्षें होत असल्यामुळें आणि आंकडे फार लांबल्यामुळें टोरव्हाल्ड्सनें पुढच्या आवृत्तीस २.६.४० न म्हणतां सरळ ३.० म्हटलें. आंत कांहीं विशेष उलथापालथ नव्हती. बदललें तें केवळ नांव. तथापि कांहीं जुने प्रोग्रॅम सुरू होतांना गाभ्यास त्याची आवृत्ति विचारीत, आणि उत्तर २.६ नें सुरू झालें नाहीं म्हणजे गोंधळून बंद पडत. पाहुण्यानें टोपी बदलली म्हणून यजमानानें दार लावून घ्यावें, तसाच हा प्रकार! यांत चूक प्रोग्रॅमांचीच होती, हें कोणीही मान्य करील. पण नियम तो नियम. गाभ्यांतच एक सोय करण्यांत आली, आणि तिच्या योगें जुन्या प्रोग्रॅमानें नांव विचारल्यास नवा गाभा त्याच्यापुरतें 'मी २.६.४०' असें उत्तर देऊं लागला.

दुसरें उदाहरण अधिक बोधक आहे. २०१४ मध्यें सुरक्षेच्या कारणास्तव गाभ्यांतील एक अगदीं जुनी वाट बंद करण्यांत आली. ही वाट सोळा बिटांच्या प्रोग्रॅमांसाठीं होती, म्हणजे विंडोज ३.१ च्या काळांतील, आजच्या विद्यार्थ्यांच्या जन्माच्या कितीतरी आधींच्या प्रोग्रॅमांसाठीं. गाभा लिहिणाऱ्यांपैकीं कोणाच्या घरीं असे प्रोग्रॅम रोज चालत असतील, असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालविणारें 'वाइन' नांवाचें जें साधन आहे, त्याच्या आधारानें कांहीं लोक ते वापरीत होते. त्यांचे प्रोग्रॅम बंद पडले; त्यांनीं तक्रार केली; आणि सुरक्षाही राखली जाईल व ते प्रोग्रॅमही चालतील अशी नवी तोड शोधून काढावी लागली. तक्रार करणारे गप्प बसते, तर ती वाट बंदच राहती.

या दोन गोष्टींवरून वचनाचें खरें स्वरूप दिसतें. गाभ्याचे कर्ते असें मानतात कीं, मोडलेलें कोणाच्या लक्षांत आलें तरच तें मोडलें. हें ऐकण्यास विचित्र वाटेल. पण दुसरें कसें असणार? गाभ्याची नवी आवृत्ति दर नऊ-दहा आठवड्यांनीं निघते, आणि प्रत्येक आवृत्तींत दहा-पंधरा हजारांच्या घरांत फेरफार असतात. ते करणाऱ्यांच्या यंत्रांवर बहुधा नवे प्रोग्रॅम असतात. जुने प्रोग्रॅम कोणाकडे असतात? शाळांकडे, लहान कचेऱ्यांकडे, छापखान्यांकडे, जे काटकसरीनें जगतात त्यांच्याकडे. तेव्हां जुन्याची परीक्षा जुनें वापरणाऱ्यानेंच केली पाहिजे. तो गप्प राहिला, तर दिलेलें वचन कोणी न मोडतांच मोडतें. माझ्या मतें या सर्व प्रकरणांतील मुख्य मुद्दा हाच आहे, आणि 'हें काम मोठ्या कंपन्यांचें, आपलें नव्हे' असें म्हणणाऱ्यांस माझें एवढेंच उत्तर आहे.

वचनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीं तर मुलें फसतील. वचन आहे तें प्रोग्रॅमांस, यंत्रांस नव्हे. टोरव्हाल्ड्सनें ज्या ३८६ जातीच्या प्रोसेसरवर लिनक्स लिहिली, त्या प्रोसेसरचाच आधार २०१३ च्या फेब्रुवारींत निघालेल्या ३.८ या आवृत्तीपासून काढून टाकण्यांत आला. तसेंच वचन ड्रायव्हरांसही नाहीं. येथें ड्रायव्हर म्हणजे इंजिन हांकणारा नव्हे. यंत्राचा एकेक अवयव चालविणारा, गाभ्याच्या आंत बसणारा सुटा भाग. जे ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात ते गाभ्याबरोबर बदलतात आणि त्यांची चिंता नसते. पण कांहीं कंपन्या आपले ड्रायव्हर वेगळे देतात, उदाहरणार्थ चित्रपटलाचे किंवा वायफायचे. गाभ्याच्या आंतील रचना कायम ठेवण्याचें वचन कोणीं कधींच दिलेलें नसल्यामुळें हे उपरे ड्रायव्हर नव्या गाभ्यावर पुष्कळदां नापास होतात. नव्या गाभ्यानें संगणक मोडला, अशी ओरड जेव्हां ऐकूं येते, तेव्हां आधीं हें पाहावें.

आणखी एक अकारण भीति दूर केलेली बरी. जुन्या प्रश्नपत्रिका ज्या मराठी टंकांत लिहिलेल्या आहेत, त्या नव्या गाभ्यानें वाचतां येईनाशा होतील, असें कांहीं शिक्षकांस वाटतें. तसें होत नाहीं. अक्षरांची आकृति, टंक, कळफलकावरील मराठीची मांडणी हा सर्व वरच्या प्रोग्रॅमांचा प्रांत आहे. गाभ्यास 'क' आणि 'ख' यांतील भेद ठाऊक नसतो. मराठी बिघडते ती सगळी प्रणाली बदलली आणि जुने टंक पुन्हां घालावयाचे राहिले म्हणजे. किंबहुना केवळ गाभा बदलून वरचें तसेंच ठेवण्याच्या बाजूचा हा एक चांगला मुद्दा आहे.

असा प्रकार कोणा उपद्व्यापी माणसाचाच खेळ आहे, असेंही समजूं नये. २०२२ च्या एप्रिलांत निघालेल्या उबंटू लिनक्समध्यें मुळांत ५.१५ हा गाभा होता. त्याच आवृत्तीस पुढें क्रमानें ६.८ पर्यंतचे गाभे देण्यांत आले, आणि वरचे प्रोग्रॅम बहुतांशीं २०२२ चेच राहिले. डेबियनमध्येंही स्थिर आवृत्तीखालीं नवा गाभा घालण्याची सोय आहे. तेव्हां नवा गाभा घ्यावयाचा तो शक्यतों आपल्या वितरकाकडूनच घ्यावा. कोठून तरी उतरवून घेतलेला गाभा यंत्रांत घालणें म्हणजे अनोळखी माणसाच्या हातीं तिजोरीची किल्ली देण्यासारखें आहे. उलट पक्षीं, जुन्या गाभ्यास वितरकाकडून सुरक्षेची डागडुजी नियमित मिळत असेल आणि सर्व अवयव चालत असतील, तर नव्याचा हव्यास धरूं नये हेंच शहाणपणाचें. डागडुजी न मिळणारा गाभा मात्र ठेवूं नये. 'डर्टी काऊ' नांवाचा दोष २००७ पासून गाभ्यांत होता आणि २०१६ मध्यें उघडकीस आला; त्याच्या आधारें साध्या वापरकर्त्यास यंत्राचा धनी होतां येत असे. ज्यांनीं 'चालत आहे, हात लावूं नका' म्हटलें, त्यांचीं दारें त्यानंतरही उघडींच राहिलीं.

आतां प्रत्यक्ष रीतीकडे वळूं. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागाईतदारांस ती शिकवावी लागणार नाहीं. खारवट जमिनींत आणि कमी पाण्यांत तग धरणाऱ्या डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचें कलम करण्याची चाल त्यांच्याकडे रूढ आहे: वरचा द्राक्षाचा वाण ओळखीचा, खालचें मूळ निराळें. नव्या जातीचा खुंट आला म्हणून शहाणा बागाईतदार सगळी बाग उपटीत नाहीं. एक ओळ लावून पाहतो. त्याला फळ दिसेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि गेलेली वेल परत येत नाहीं. संगणकाचें भाग्य असें कीं, येथें जुनें मूळ न उपटतां त्याच्याशेजारीं नवें ठेवतां येतें, आणि आज याच्यावर तर उद्यां त्याच्यावर तीच वेल चालवितां येते.

तें असें. लिनक्समध्यें प्रत्येक गाभ्याची फाइल तिच्या आवृत्तीच्या आंकड्यासह बूट नांवाच्या कप्प्यांत असते, आणि त्याचे सुटे भाग त्याच आंकड्याच्या स्वतंत्र कप्प्यांत असतात. म्हणून दोन किंवा तीन गाभे एकाच यंत्रांत भांडणावांचून राहतात. यंत्र सुरू होतांना ग्रब नांवाचा द्वारपाल त्यांची यादी दाखवितो. जो निवडावा तो चालूं लागतो. नवा गाभा घातल्यावर पहिलें काम हें कीं, ग्रबला जुनाच गाभा नेहमींचा म्हणून ठरवून द्यावा आणि नवा केवळ पुढच्या एका वेळेपुरता निवडावा. अशी एकवेळची निवड करण्याची सोय ग्रबमध्यें आहे. नवा गाभा अडखळला, तर यंत्र बंद करून पुन्हां लावावें. जुना आपोआप समोर येतो. याच्या जोडीला, गाभा पूर्ण कोलमडल्यास दहा सेकंदांनीं यंत्रानें स्वतःच पुन्हां सुरू व्हावें, अशी सूचनाही आरंभींच देतां येते. हे दोन बंदोबस्त केले असतां खोलींत कोणी नसलें तरी यंत्र मूळपदावर येतें.

परंतु परतीची वाट अशी मोकळी असतांना मनुष्य ती आपल्या हातानें बुजवितो, आणि सर्वांत मोठा धोका येथेंच आहे. बूटचा कप्पा लहान असल्यास नव्या गाभ्यास जागा व्हावी म्हणून जुना पुसून टाकण्याचा मोह होतो. किंवा नको असलेल्या वस्तु झाडून टाकणारी आज्ञा दिली जाते आणि तिच्याबरोबर जुना गाभाही जातो. याहून कपटी प्रकार दुसरा आहे. डिस्कवर फाइली ज्या रचनेनें मांडलेल्या असतात, त्या रचनेंत नवा गाभा कांहीं नव्या सोयी देऊं करतो. उत्साहानें त्या सोयी चालू केल्या, तर नव्या गाभ्यावर सर्व सुरळीत चालतें, आणि कांहीं अडचण येऊन जुन्याकडे परत जावें, तों जुना गाभा ती डिस्क उघडण्याचेंच नाकारतो! गाडी पुढें गेली आणि मागचे रूळ उखडले, अशी ही स्थिति. म्हणून चांचणीच्या काळांत डिस्कच्या रचनेस हात लावूं नये, आणि त्याहीपूर्वीं मुलांच्या फाइलींची एक प्रत निराळ्या डिस्कवर घेऊन ती उघडते कीं नाहीं हें पाहून ठेवावें. प्रत घेतली आणि उघडून पाहिली नाहीं, तर ती घेतली असें मी तरी म्हणणार नाहीं.

ज्यांस एवढाही धोका नको, त्यांच्यासाठीं संगणकाच्या पोटांत दुसरा कल्पित संगणक चालविण्याची सोय आहे. त्यांत जुन्या प्रणालीची नक्कल घालून तिच्याखालीं नवा गाभा लावून पाहतां येतो. बिघडलें तर एक फाइल पुसली कीं झालें. प्रोग्रॅमांचें आणि गाभ्याचें जमतें कीं नाहीं, हें यांत चांगलें कळतें. पण कल्पित संगणकाचे अवयवही कल्पितच असल्यामुळें खरें वायफाय, खरा प्रिंटर, खरा ध्वनि यांविषयीं यांतून कांहींच कळत नाहीं. याच्या उलट रीतिही आहे: नवा गाभा खऱ्या यंत्रावर चालवून त्यांत एका कप्प्यांत जुन्या प्रणालीचे सगळे प्रोग्रॅम आणून ठेवावयाचे आणि त्यांना त्या कप्प्यांतच कोंडून चालवावयाचें. कोंडलेल्या प्रोग्रॅमांस बाहेरची नवी प्रणाली दिसत नाहीं. परंतु विनंत्या मात्र त्यांना बाहेरच्या नव्या गाभ्याकडेच कराव्या लागतात. तेव्हां परीक्षा खरी होते. वरच्या वर्गांतील मुलांस ही रीति विशेष आवडेल असें वाटतें.

परीक्षा कशाची घ्यावयाची? यंत्र सुरू झालें आणि पडदा दिसला म्हणजे पास, असें मानणारे पुष्कळ आहेत. तें बरोबर नाहीं. शाळा ज्या कामासाठीं संगणक वापरते तींच कामें करून पाहावीं: मागच्या वर्षींची प्रश्नपत्रिका उघडून एक ओळ मराठींत लिहावी, ती छापून पाहावी, गुणपत्रकाचा तक्ता उघडावा, पेनड्राइव्ह लावून काढावा, आवाज ऐकावा, झांकण मिटून यंत्रास झोपवावें आणि उठवावें. हें शेवटचें विसरूं नये. झोपेंतून न उठणें हा नव्या गाभ्यांचा नेहमींचा आजार आहे. नंतर गाभ्याची रोजनिशी उघडावी. प्रत्येक गाभा आपण काय केलें व कोठें अडलें याची नोंद ठेवतो. जुन्या गाभ्याची नोंद आधींच काढून ठेवली असेल, तर दोन्ही शेजारीं ठेवून फरक पाहतां येतो.

सुटीचे दिवस या कामास सोयीचे, असें कोणी सुचवील. गाभा घालावयास ते सोयीचे खरे. पण रिकाम्या खोलींत कोणाची परीक्षा होत नाहीं. यंत्र एकच असावें, तें नेहमींच्या तासांत वापरलें जावें, आणि निदान दोन आठवडे त्यावर काम व्हावें. बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर मात्र हा उद्योग कोणीं करूं नये.

समजा दोष सांपडला. जुन्या आवृत्तींत छापणें चालत होतें, नव्या आवृत्तींत चालत नाहीं. मध्यें फेरफार झाले सोळा हजार. त्यांपैकीं गुन्हेगार कोणता हें कसें ओळखावें? येथें गणिताची एक सुंदर युक्ति उपयोगीं पडते. सर्व फेरफार क्रमानें मांडलेले असतात. बरोबर मधला गाभा घेऊन पाहावा. चालला तर दोष पुढच्या अर्ध्यांत, न चालला तर मागच्या अर्ध्यांत. सोळा हजारांचे आठ हजार, आठांचे चार, असें अर्धें-अर्धें करीत गेल्यास चौदा वेळांत एकटा अपराधी हातीं लागतो, कारण दोनाचा चौदावा घात १६,३८४ आहे. यासाठीं प्रत्येक वेळीं गाभा स्वतः बांधावा लागतो, आणि जुन्या यंत्रावर एका बांधणीस कित्येक तास लागूं शकतात. तरी यांत बुद्धीपेक्षां चिकाटीच अधिक लागते. ज्यानें हा शोध पुरा केला, त्याची तक्रार गाभ्याचे कर्ते कधींही बाजूस सारीत नाहींत, असें नव्हे; पण त्यांना ती बाजूस सारणें फार कठीण जातें.

पालकवर्गांतून एक आक्षेप हमखास येईल: मुलांच्या हातून यंत्र बिघडलें तर? वर सांगितलेला बंदोबस्त केला, तर बिघडणें म्हणजे यंत्र एकदां पुन्हां लावणें, इतकाच त्याचा अर्थ उरतो. आणि शाळेंत विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत मुलांच्या हातीं आम्ल देतांच ना? काच फुटेल म्हणून कोणीं रसायनशास्त्र फळ्यावर शिकवीत नाहीं. संगणकाच्या खोलींत मात्र मुलांनीं ठराविक चौकटींत टिचक्या माराव्या आणि यंत्राच्या आंत पाहूं नये, हा दंडक कोणीं घातला तें कळत नाहीं. एक जुनें यंत्र, वरच्या वर्गांतील चार मुलें, देखरेखीस एक शिक्षक आणि एक नोंदवही, एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग पुढच्या वर्षीं सहज करतां येईल. नव्या यंत्रांवर पैसे घालण्यापूर्वीं तो करून पाहणें शाळेच्या आणि पालकांच्या दोघांच्याही हिताचें आहे.

नोंदवहींत तारीख, गाभ्याचा पुरा आंकडा, यंत्राची जात, आणि कोणतें काम झालें व कोणतें अडलें, हें त्याच दिवशीं लिहावें. अडलेलें काम जुन्या गाभ्यावर पुन्हां करून पाहावें, म्हणजे दोष खरोखर नव्याचाच कीं प्रिंटरची तार सुटली होती, हें कळतें. मग तक्रार आधीं वितरकाकडे पाठवावी, कारण गाभ्यांत त्यानेंही आपले फेरफार केलेले असतात. मूळ गाभ्यावरही तोच दोष दिसल्यास ती मूळ कर्त्यांकडे जावी. या तक्रारी इंग्रजींत लिहाव्या लागतात. त्यांत अलंकार नकोत, क्षमायाचना नको, रागही नको. कोणता गाभा, कोणता प्रोग्रॅम, आम्हीं काय केलें, काय व्हावयास हवें होतें, आणि काय झालें: पांच वाक्यें पुरतात, आणि आठवीच्या मुलास तेवढें इंग्रजी येतें.